गिरणीतली पाहुणी

२ डिसेंबर

आज तिला सोडलं.

पिंजऱ्याचं दार वर सरकलं. आम्ही सगळे श्वास रोखून — आता ही उडी मारून वडावर जाणार! तर ती सावकाश बाहेर आली, राखणदार निमाईदांच्या खुर्चीपाशी गेली आणि मांडीवर हात ठेवून बसली. हुकमाची वाट बघत. वनखात्याची दोन माणसं हसली. मला नाही हसू आलं. गळ्याभोवती बोटभर रुंदीची पट्टी, तिथे केसच नाहीत. सात वर्षांची दोरी. लालतोंडी माकडं हाकलायला एक माणूस तिला ऑफिसांच्या गच्च्यांवर फिरवायचा. वानराचं काळं तोंड दिसलं की लाल तोंडं पळतात! एवढंच तिचं काम. रात्री त्याच्याच खोलीत, त्याच्या खाटेखाली झोपायची म्हणे.

वडावरून आमची टोळी खाली बघत होती. पंधरा शेपट्या, पारंब्यांसारख्या लोंबणाऱ्या. एकही हलली नाही.

शर्बरीदींनी रजिस्टरात तारीख लिहिली, वेळ लिहिली आणि नावाच्या रकान्यापाशी थांबल्या. "तूच ठेव नाव," म्हणाल्या. मी म्हटलं, पाहुणी. त्यांना अर्थ सांगितला. "अतिथी? बरं," त्या म्हणाल्या, "पण टोळीच्या यादीत नाही लिहायचं. वेगळ्या पानावर."

५ डिसेंबर

नदीवर धुकं. गिरणीचं मोडकं छप्पर त्यात तरंगतंय असं वाटत होतं, आणि छपरावर वानरं — ढगावर बसल्यासारखी.

पाहुणी टोळीपासून वीस पावलांवर. जवळ गेली की एखादी वानरी नुसती मान उडवते, दात दाखवते. ही लगेच मागे. मारामारी नाही. नुसतं — तू आमची नाहीस.

शर्बरीदी अकरा वर्षं या बंद तागाच्या गिरणीत वानरांचा अभ्यास करायला येताहेत. प्राध्यापकी संपली, हे संपलं नाही. त्यांचं हिंदी बंगालीत बुडवून काढलेलं. मला आता सगळं कळतं. म्हणाल्या, "मुली जिथे जन्मतात तिथेच मरतात. आजी, मावशी, आई, सगळ्या एका झाडावर. मुलगे बाहेर जातात. बाहेरची मुलगी कुणी आत घेत नाही, अनुजा. मी तरी पाहिलं नाही."

माझ्याच बाबतीत उलटं आहे. ओंकारची बँकेतून बदली झाली आणि मी नाशिकच्या कॉलेजातून बिनपगारी रजा घेऊन त्याच्यामागे इथे बंगालात, सॉल्ट लेकमध्ये. दोन महिने फ्लॅटच्या भिंती बघितल्या. मग शर्बरीदींचं व्याख्यान ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. प्राणिशास्त्र शिकवते म्हटलं. कामाला घ्या.

त्यांनी घेतलं.

९ डिसेंबर

आजही वीस पावलं. मोजली.

१४ डिसेंबर

आज काय पाहिलं!

गिरणीच्या आत एक जुनं दगडी टाकं आहे. पाणी खोल, कडा उभ्या. तोंड पोचत नाही, हातही नाही. आमची टोळी तिथे पाठमोरी बसते, शेपूट आत सोडते, भिजवते, वर ओढून चोखते. मग पुन्हा. शर्बरीदींनी सुरुवात केली तेव्हा एकच म्हातारी हे करायची. ठाकुमा म्हणतात तिला, म्हणजे आजी. तिच्या मुली शिकल्या, मग नाती. आता सगळी पितात. रस्त्यापलीकडच्या टोळीला हे माहीतच नाही! तीच वानरं, तेच टाकं असलं तरी काठावर बसून राहतील.

पाहुणी तीन दिवस त्या काठावर बसत होती. पाण्यात स्वतःचं तोंड बघत. आज एक वर्षाचं पोर आलं, तिच्याकडे पाठ करून बसलं, शेपूट सोडली, चोखली. पुन्हा. पुन्हा. मला वाटलं, उगाचच इतक्या वेळा पितंय. (असं लिहायचं नसतं. त्याच्या मनातलं आपल्याला कळत नाही. पण रजिस्टरात नाही, इथे लिहितेय.)

मग पाहुणी वळली. शेपूट आधी चुकीची पडली, दगडावरच. मग पाण्यात. ती चोखत होती तेव्हा तिचे डोळे अर्धे मिटले होते. छपराच्या भोकांतून उन्हाचे गोळे पाण्यावर पडलेले, ते हलत होते. किती वेळ गेला, कळलं नाही. वेळ लिहायची राहून गेली!

२१ डिसेंबर

रविवार. ओंकारला घेऊन गेले. मेट्रो नदीखालून जाते तेव्हा बोगद्यात निळे दिवे लागतात. डब्यातले सगळे एकदम गप्प, पोरं काचेला नाक लावून. डोक्यावर अख्खी गंगा! ओंकारने माझा हात धरला होता. झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. असंच कुठेच न पोचता जात राहावं.

गिरणीत तो भारी रमला. निमाईदा इथले राखणदार. गिरणी बंद झाली तरी फाटकाजवळच्या खोलीत एकटेच राहतात. त्यांच्याबरोबर चहा प्यायला, तोडक्यामोडक्या बंगालीत गप्पा मारल्या. पाहुणीला बघून म्हणाला, "बिचारी किती शहाण्यासारखी बसते ग."

परतताना विचारलं, "त्या पोर्टलवरून काही आलं का?"

म्हटलं, नाही.

२२ डिसेंबर

लिहूनच टाकते. इथे तरी.

आला होता. दत्तकाच्या पोर्टलचा मेसेज, एकोणीस नोव्हेंबरला. साडेतीन वर्षं थांबल्यावर आमचा नंबर लागला. दहा महिन्यांची मुलगी. फोटो होता, तपासण्या होत्या. एका डोळ्यावर केस आलेले. अठ्ठेचाळीस तासांत हो म्हणायचं, नाहीतर ती पुढच्या घरी.

ओंकार ऑफिसात होता. मी फोटो बघितला. आत काहीतरी हलेल म्हणून थांबले. काहीच हललं नाही! अनोळखी बाळ. कुणाचं तरी. मग भीती वाटली — ही घरात आल्यावरही असंच राहिलं तर? सगळं करेन मी. अंघोळ, दूध, दवाखाना. आणि आत असंच गार. पोरीला कळणारच ना ते.

फोन पालथा ठेवला. दोन दिवस. मग ती वेळ संपली.

दत्तकाचं पहिल्यांदा ओंकारनेच काढलं होतं. माझी दोन पोटातच गेल्यावर. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं म्हटलं.

९ जानेवारी

टिकलीला पिल्लू झालं! कपाळावर पांढरा ठिपका ती टिकली. काळंभोर, ओलं, कान केवढे!

आणि सकाळपासून ते एका जागी नाही. टिकलीच्या हातातून ठाकुमाच्या, तिच्याकडून बहिणीच्या, मग दुसऱ्या बहिणीच्या. जी येते ती हात पुढे करते आणि टिकली देते! एका दिवसाचं पोर! मी मोजलं, सहा मांड्या. टिकली वर पानं खात बसली होती, निवांत. पिल्लू ओरडलं की एकदा खाली बघायची.

शर्बरीदी म्हणाल्या, "दोन कोस पलीकडे लालतोंड्यांची आई कुणाला बोट लावू देत नाही. ह्यांची रीतच वेगळी. इथे पोर सगळ्यांचं."

पाहुणी दहा पावलांवर होती. हो, दहा! कुणी मान उडवली नाही. सगळ्या पिल्लाकडे बघत होत्या.

१५ जानेवारी

काल इथल्या मराठी मंडळात हळदीकुंकू. नऊवाऱ्या, काळ्या साड्या, तिळाच्या वड्या. बरं वाटलं मराठी कानावर पडून. आणि मग श्यामलाताई. नवरा निवृत्त झाल्यावरही इथेच राहिलेल्या, मंडळाच्या जुन्या. "किती मुलं ग तुला?" नाही म्हटलं. "अगं बाई! अजून नाही?" आणि कुणाचं तरी सात-आठ महिन्यांचं बाळ उचलून माझ्या मांडीवर. "घे, शकुन असतो."

बाळ माझ्याकडे बघत होतं. मी त्याच्याकडे. हात कुठे ठेवायचे सुचेना. ते रडायच्या आत परत दिलं. श्यामलाताईंचा चेहरा — वाईट नव्हतं त्यांच्या मनात, तेच जास्त लागलं.

ओंकार न्यायला आला होता. गाडीत त्याने रेडिओ लावला.

२४ जानेवारी

ठाकुमा आज पाहुणीपाशी गेली. सरळ. पाठ करून बसली आणि मान खाली घातली. म्हणजे, निवड माझं अंग, काढ उवा-पिसवा. पाहुणीने हात उचलला, पुन्हा खाली ठेवला. सात वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं. मग एक बोट. मग दोन्ही हात. म्हातारी तिथेच पेंगली.

थोड्या वेळाने टिकलीच्या बहिणीने पिल्लू तिच्या मांडीत ठेवलं, येता जाता, सहज. आणि हिने ते उलटं धरलं! डोकं खाली, पाय वर. पिल्लू किंचाळलं. टिकली वरून दगडासारखी येऊन हिसकावून घेऊन गेली.

पाहुणी भिंतीकडे तोंड करून बसली. अर्धा तास. मला त्या भिंतीपाशी जाऊन तिच्याशेजारी बसावंसं वाटलं. निमाईदा खुर्चीतून पुटपुटले, "शिखे जाबे, मा, शिखे जाबे." शिकशील पोरी. कोणाला म्हणाले कोण जाणे!

३० जानेवारी

स्वप्न. टाक्याच्या काठावर बायका पाठमोऱ्या बसल्या आहेत. आई, आजी, श्यामलाताई. सगळ्यांच्या वेण्या पाण्यात. मी माझी सोडते तर ती आखूड. तळाशी निळे दिवे. कुणीतरी एका डोळ्यावरचे केस बाजूला सारतं.

जाग आली तेव्हा ओंकार जागाच होता. "झोप," म्हणाला.

८ फेब्रुवारी

वाईट बातमी. बाहेरून पाच नरांचं टोळकं आलं. दोन दिवस छपरांवर नुसती धुमश्चक्री, पत्रे वाजताहेत. आपला म्हातारा हुप्प्या, टोळीचा एकुलता मोठा नर, गेला. फाटलेला कान घेऊन नदीकाठाने निघून गेला, मागे वळूनही बघितलं नाही. नवा हुप्प्या मोठा आहे, तरुण. बाकीच्या चौघांनाही त्यानेच हाकललं.

शर्बरीदी रजिस्टर चाळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तीन पिल्लं अंगावर पिणारी. नवा नर ती जिवंत ठेवत नाही. म्हणजे आया पुन्हा त्याच्यासाठी..." मला माहीत आहे. मी शिकवलंय हे, फळ्यावर. फळ्यावर सोपं होतं.

"आपण काहीच करायचं नाही?"

"आपण लिहायचं."

९ फेब्रुवारी

सर्वांत धाकटं पिल्लू गेलं. नऊ दिवसांचं. आई ते घेऊन हिंडते आहे. लिहिलं.

११ फेब्रुवारी

नीट क्रमाने लिहिते.

सकाळचे साडेअकरा. शर्बरीदी मागच्या शेडकडे, निमाईदा घाटावर अंघोळीला. मी त्यांच्या खोलीबाहेर रजिस्टर घेऊन. टोळी अंगणात ऊन खात होती. नवा हुप्प्या भिंतीवरून उतरला आणि सरळ टिकलीवर! ठाकुमा आणि बहिणी ओरडत मध्ये पडल्या. त्याने एकीला झटकलं, टिकलीच्या दंडाचा चावा घेतला, ती कलंडली, आणि पिल्लू सुटलं. जमिनीवर. एकटं.

सगळ्या वडाकडे धावल्या. वानरं जीव वाचवायला वरच जातात. वर गेलेलं पिल्लू त्याने गाठलंच असतं, परवा गाठलं तसं.

पाहुणी वर नाही गेली. ती जमिनीवरून आली, वाकडी, घाईत. पिल्लू उचललं — छातीशी, डोकं वर, बरोबर! — आणि माझ्या पायाजवळून निमाईदांच्या खोलीत शिरली. खाटेखाली. आमच्या टोळीतलं एकही वानर अकरा वर्षांत कुठल्या खोलीत शिरलेलं नाही. त्यांच्या लेखी ते झाड नाही, काहीच नाही. पण तिच्या लेखी घर म्हणजे खाटेखालची जागा.

हुप्प्या दारापाशी आला. सहा पावलं. पाच. दातांवर दात घासल्याचा आवाज, कर्र कर्र. त्याचा वास येत होता.

आणि मी दारात उभी राहिले.

बाजूला व्हायचं असतं. आमचा पहिला नियम. शर्बरीदींनी पहिल्याच दिवशी सांगितलेला. मला आठवत होता. तरी पाय हलले नाहीत. रजिस्टर छातीशी धरलेलं. मागून खाटेखालून बारीक कुईं कुईं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं नाही, त्याच्या हातांकडे बघत राहिले. मनात काही नव्हतं. धैर्य वगैरे अजिबात नाही! नुसतं — नाही. आत नाही जायचं.

अकरा बेचाळीस ते अकरा अठ्ठावन्न. मग तो वळला आणि गेला.

मी उंबऱ्यावर बसले. पाठीमागे ती दोघं. निमाईदा ओल्या धोतराने आले, आत डोकावले, "मा गो!" एवढंच म्हणाले आणि मला पाणी दिलं.

दोन वाजता टिकली आली. दंडावर रक्त वाळलेलं. उंबऱ्यापाशी थांबली, एक हात आत, पुन्हा बाहेर. कधी न केलेली गोष्ट. पाहुणी खाटेखालून सरकत पुढे आली आणि पिल्लू तिच्यापुढे धरलं. टिकलीने तिथेच, दारात, पाजलं. पाजून झाल्यावर — हे मी पाहिलं, दुसरं कुणी पाहिलेलं नाही — तिने पिल्लू पुन्हा पाहुणीच्या मांडीत ठेवलं आणि पानं खायला गेली.

मी रडले. खूप. कशासाठी ते आत्ता लिहीत नाही.

१२ फेब्रुवारी

रजिस्टरात सगळं लिहिलं होतं. "निरीक्षक सोळा मिनिटं दारात उभी होती" हेसुद्धा. शर्बरीदींनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला. आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस.

म्हणाल्या, "ही नोंद आता कामाची नाही. आपण मध्ये पडलो."

"हो."

"अकरा वर्षांत चौदा पिल्लं अशी गेलेली मी लिहिली." नदीकडे बघत होत्या. एक मोठी नाव गवत भरून चालली होती, पाण्याला टेकल्यासारखी. "मी एकदाही दारात उभी राहिले नाही. बरोबर केलं की चूक, आता काय सांगू." मग चष्मा लावला. "उद्या लवकर ये. टिकलीची जखम बघायची आहे."

१७ फेब्रुवारी

दुसरी आईसुद्धा आज पिल्लू घेऊन खोलीच्या दारात! पाहुणी आत, त्या उंबऱ्यावर. हुप्प्या भिंतीवरून बघतो, पण खोलीकडे येत नाही. निमाईदा खाट सोडून बाहेर व्हरांड्यात झोपतात. "माझ्या घरी माहेरवाशिणी आल्यात," म्हणतात.

२ मार्च

हुप्प्या निवळला. पिल्लांचा काळा रंग उतरू लागलाय. टिकलीचं पोर त्याच्या अंगावरून उडी मारून गेलं आणि त्याने नुसती कूस बदलली!

टोळी पुन्हा वडावर. पाहुणीही. मधोमध, दोन्ही बाजूंनी दोघी तिचं अंग निवडताहेत. एकीची बोटं त्या गळ्याच्या पट्टीवरून गेली, थांबली, पुढे गेली. दुपारची झोप सगळ्यांवर एकदम उतरली. वड, नदी, भिंत, सगळं एका संथ श्वासात.

शर्बरीदींनी वेगळं पान उघडलं, त्यावर रेघ मारली. मग टोळीची यादी काढली आणि शेवटी लिहिलं: पाहुणी. "हे नाव आता चुकीचं झालं ग," म्हणाल्या. "पण राहू दे."

६ मार्च

सकाळी अकराला पोर्टलचा दुसरा मेसेज. गिरणीत जायला निघाले होते. तशीच टॅक्सी करून ओंकारच्या बँकेत गेले. खाली चहाच्या टपरीपाशी त्याला बोलावलं आणि आधी नोव्हेंबरचं सांगितलं. सगळं. फोटो, अठ्ठेचाळीस तास, पालथा फोन.

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "मला माहीत आहे. मेसेज माझ्याही फोनवर आला होता, अनू. मी तुझ्या बोलण्याची वाट बघत होतो. तू बोलली नाहीस आणि मला — सुटल्यासारखं वाटलं. मीच तुला या रांगेत उभं केलं, आणि मीच घाबरलो." मग म्हणाला, "आजचाही आलाय. अकरा वाजल्यापासून खिशात धरून बसलोय."

इतके महिने, एका घरात, दोघंही!

तिथेच, टपरीच्या बाकावर बसून हो म्हटलं. मुलगी, चौदा महिन्यांची. संस्थेतल्या बायांनी तिचं नाव कादंबरी ठेवलंय. तेच राहील.

आत काय हललं ते विचारू नये. भीती वाटतेय. दोघांनाही. ओंकार बाहेरच्या खोलीत टेबल सरकवून बघतोय, पाळणा कुठे बसेल.

मला हाक मारतोय.